प्रिव्ह्यू बंद केला म्हणजे कॅमेरा बंद झाला असे नव्हे

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बॅटरीच्या जोरावर टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने फोटो) करणाऱ्यांना कॅमेरा जोडणे, पायकॅमेरा2 या पायथन लायब्ररीत कॉन्फिगर करणे आणि फोटो काढणे व्यवस्थित जमते, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. घोळ होतो तो थांबवण्यात, आणि त्याचे खापर बिचाऱ्या बॅटरीवर फुटते.

‘स्टॉप_प्रिव्ह्यू’ ही आज्ञा पडद्यावरची खिडकी बंद करते, ‘स्टॉप_एन्कोडर’ व्हिडिओचे एन्कोडिंग (साठवण्याजोगे रूपांतर) थांबवते. पण दोन्हींनंतर चित्र टिपणारा सेन्सर फ्रेममागून फ्रेम पाठवतच राहतो, मग त्या कोणी पाहो वा न पाहो. सेन्सर खरोखर थांबवायचा तर नुसते ‘स्टॉप’ हवे. पायच्या कॅमेरा मॉड्यूल 2 मधल्या आयएमएक्स219 सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर (सेन्सर हाताळणारा प्रोग्राम) त्यानंतर सेन्सरचा वीजपुरवठाच तोडतो. नावे ठेवणाऱ्यांनी गोंधळात भर घातली आहे ती अशी, की ‘स्टॉप_रेकॉर्डिंग’ मात्र एन्कोडरबरोबर कॅमेराही थांबवते. पायच्या पहिल्या कॅमेरा मॉड्यूलवरचा लाल दिवा पाहून तरी कॅमेरा चालू असल्याचे कळायचे. मॉड्यूल 2 वर तोही नाही.

कॅमेऱ्यासाठी 250 मिलिअँपिअरची तरतूद ठेवावी, असे पायच्या अधिकृत माहितीत सांगितले आहे. तेवढा प्रवाह 5 व्होल्टला सतत वाहिला, तर दिवसाला 30 वॅट-तास जातात, आणि 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत मुळात 37 वॅट-तासच असतात. प्रत्यक्षातला खप याहून कमी असला, तरी दहा मिनिटांतून एका फोटोसाठी सेन्सर अखंड चालू ठेवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा, की पुन्हा ‘स्टार्ट’ केल्यावर पहिल्या काही फ्रेमचे एक्स्पोजर आणि रंग बिघडलेले येतात. ते खरे आहे, पण त्यावर उपाय दोन सेकंद थांबण्याचा आहे. प्रकाश स्थिर असलेल्या खोलीत एक्स्पोजर, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि रंगांचे गेन आधीच ठरवून दिले, तर तेवढेही थांबावे लागत नाही. उघड्यावर मात्र मी थांबणेच पसंत करतो.

राहिले ‘क्लोज’. दुसऱ्या प्रोग्रामला कॅमेरा हवा असेल किंवा आपले काम संपले असेल, तेव्हाच ते वापरावे. दर फोटोनंतर ‘क्लोज’ करून सगळी जुळणी नव्याने मांडणाऱ्या स्क्रिप्ट पाहिल्या की चिडचिड होते, कारण मॉड्यूल 2 वर सेन्सरची वीज ‘स्टॉप’नेच वाचलेली असते.