बिस्कीट पुढे, बिस्कीट मागे

मुलाचा पहिला दात, पहिलं पाऊल, जावळ, सगळ्याचे फोटो आपल्याकडे असतात. पहिली खोडी मात्र कुणी टिपून ठेवत नाही. बोलता यायच्या कितीतरी आधी मूल ती काढतं, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय याचा त्या खोडीइतका चांगला पुरावा दुसरा नाही, असं माझं मत आहे.

माझी लेक वर्षाचीही नव्हती तेव्हाची गोष्ट. विरार लोकल, पण भर दुपारची, म्हणून बसायला जागा. क्लिपा-टिकल्या विकणारी एक बाई पेटी मांडीवर घेऊन समोर टेकली होती. लेकीने चघळून लिबलिबीत झालेलं बिस्कीट तिच्यापुढे धरलं. "मला गं? दे," म्हणत बाईने हात पुढे केला आणि बिस्कीट झटकन मागे! लेक बिस्किटाकडे बघतच नव्हती, तिची नजर बाईच्या तोंडावर. बाई हसली, तसं बिस्कीट पुन्हा पुढे. अंधेरी येईस्तोवर हाच धंदा चालला होता.

यातली खरी गोम आहे ती तोंडाकडे बघण्यात. ज्याला खाऊ द्यायचाच नाही ते मूल तो मुठीत आवळून धरतं, फार तर भोकाड पसरतं. इथे तसं नव्हतं. पुढे केलेली वस्तू समोरचा घ्यायला जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि ऐनवेळी ती ओढून घेतली की त्याचा चेहरा कसा होतो, हे तिला बघायचं होतं.

इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी १९९१ मध्ये बाळांच्या या खोड्यांवर लिहिलं, तेव्हा त्यांनी त्यांचे तीन प्रकार सांगितले. वस्तू देऊ करून मागे घेणं हा एक. 'नको' म्हटलेल्या गोष्टीकडे, आपल्याकडे बघत बघत, मुद्दाम हात नेणं हा दुसरा. आणि दुसऱ्याच्या चाललेल्या कामात हसत हसत मोडता घालणं हा तिसरा. घडी घातलेल्या कपड्यांच्या ढिगाचं ज्यांच्या घरी रोज वाटोळं होतं, त्यांना तिसरा प्रकार समजावून सांगायला नको. हे सगळं पहिला वाढदिवस व्हायच्या आतच सुरू होतं. चार वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या मनाचा पत्ताच नसतो, असं मानणाऱ्यांचा तेव्हा जोर होता. त्या मताला या खोड्या चांगल्याच अडचणीच्या ठरल्या.

'हा खोडकरपणा कुणाच्या घराण्यातून आला' यावर घरोघर सासर-माहेरचे वाद होतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो वाद फारच मागे नेऊन ठेवला. संशोधकांनी चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांचं ७५ तासांचं चित्रीकरण तपासलं, त्यात त्यांना खोड्यांचे १८ प्रकार दिसले. पिल्लू निवांत बसलेल्या मोठ्याला टपली मारतं, त्याच्या नाकासमोर काहीतरी हलवत राहतं, वस्तू पुढे करून ओढून घेतं, आणि मग तोंडाकडे बघतं. या सगळ्यांचा आणि आपला सामाईक पूर्वज किमान १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा निर्दोष.

लोकलमधल्या त्या बाईने धंदा सोडून इतका वेळ का दिला, यालाही थोडं शास्त्र आहे. २००८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली मोजल्या. बाळाचा चेहरा दिसला की सेकंदाच्या सातव्या भागात, डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेला, सुखाशी नातं असलेला मेंदूचा भाग जागा व्हायचा. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांना तसा प्रतिसाद नव्हता. परक्यांची ही गत, तर आईबापांचं काय बोलावं!

अर्थात सगळी मुलं अशी परक्यांच्या अंगाशी जाणारी नसतात. माझा भाचा आधी तासभर माझ्या वहिनीच्या पदराआडून पाहुण्यांना न्याहाळायचा आणि ते चपला घालायला लागले की एक चप्पल पळवायचा. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. त्यात अशी हळूहळू मोकळी होणारी मुलं शंभरात सुमारे १५ निघाली. मूल चळवळं की शांत यापेक्षा त्याचा स्वभाव आणि घर यांचा मेळ बसतो का, यावर त्यांचा भर होता. वन रूम किचनमध्ये सोफ्यावरून उड्या मारणारं मूल 'त्रासदायक' ठरतं. तेच संध्याकाळी शिवाजी पार्कात सोडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि हा स्वभाव टिकतो? न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांना तिसऱ्या वर्षी पाहिलं होतं आणि पुढे २६व्या वर्षी तपासलं. तेव्हाची धीट मुलं मोठेपणी सरासरीने जास्त माणसांत रमणारी निघाली, बुजरी मुलं जास्त जपून वागणारी. सरासरीने, हे महत्त्वाचं. तुमच्या बंड्याचं भविष्य त्यावरून सांगायला जाऊ नये.

समज मात्र सगळ्यांचीच वाढते. १९९७ मध्ये बर्कलीतल्या एका प्रयोगात संशोधिकेने मुलांसमोर कच्ची ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली, बिस्किटांना नाक मुरडलं आणि मग हात पुढे केला. १४ महिन्यांच्या मुलांनी तिला बिस्किटंच दिली, कारण ती त्यांना स्वतःला आवडत होती. १८ महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली. (आपल्याला आवडतं तेच पाहुण्याच्या ताटात आग्रहाने वाढणारी मोठी माणसं कितव्या महिन्यात अडकलेली असतात, कोण जाणे.)

चार वर्षांच्या आसपास पुढचा टप्पा येतो: दुसऱ्याच्या डोक्यातली माहिती चुकीची असू शकते, हे कळणं. आमच्याकडे तेव्हापासून आजीचा चष्मा कांद्याबटाट्यांच्या टोपलीत जायला लागला. आजी टीव्हीपाशी शोधते, उशीखाली शोधते. लेक मागे मागे फिरते आणि तोंड गंभीर ठेवून विचारते, "आजी, देव्हाऱ्यात बघितलंस का गं?"