उलट अनुमापन

मोजायच्या पदार्थावर अभिक्रियाकारक मोजून, पण गरजेपेक्षा जास्त घालायचा आणि अभिक्रिया पुरी झाल्यावर उरलेला भाग दुसऱ्या प्रमाण विद्रावाने (ज्याची तीव्रता नेमकी ठाऊक आहे अशा द्रावाने) मोजायचा, या पद्धतीला उलट अनुमापन म्हणतात. प्रयोगशाळेत ‘बॅक टायट्रेशन’ हेच नाव रुळलेले आहे. घातलेल्यातून उरलेले वजा केले की खर्च झालेले कळते.

खडूचे उदाहरण घेऊ. त्यातले कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ब्युरेटमधून (खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीतून) थेंबाथेंबाने अम्ल सोडले, तर दर्शकाचा, म्हणजे अभिक्रिया पुरी झाल्याचे रंगाने दाखवणाऱ्या पदार्थाचा, रंग बदलतो आणि थोड्या वेळाने परत फिरतो, कारण कण अजून विरघळतच असतात. म्हणून 1.00 ग्रॅम नमुन्यावर 0.5 मोलर हायड्रोक्लोरिक अम्लाचे 50 मिलि. एकदम घालतात. म्हणजे 25 मिलिमोल (मोल हे पदार्थाच्या प्रमाणाचे एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग; 0.5 मोलर म्हणजे लिटरमध्ये अर्धा मोल). मग उकळून कार्बन डायऑक्साइड घालवतात. तो राहिला तर पुढे अल्कली खातो. उरलेल्या अम्लाला 0.5 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे 14.0 मिलि., म्हणजे 7 मिलिमोल लागले, तर 18 मिलिमोल अम्ल खर्च झाले. एका कार्बोनेटला दोन अम्ल लागत असल्याने कार्बोनेट 9 मिलिमोल, म्हणजे (एका मिलिमोलला सुमारे 0.1 ग्रॅम धरून) सुमारे 0.90 ग्रॅम, नमुना 90 टक्के शुद्ध.

अभिक्रिया सावकाश होत असेल किंवा पदार्थ उडून जाणारा असेल, तरी हाच मार्ग बरा. उदाहरणार्थ, ॲल्युमिनियम ईडीटीएशी (धातूचे आयन बांधून घेणाऱ्या अभिक्रियाकारकाशी) हळू जुळते. केल्डाल यांच्या 1883 मधील नायट्रोजन मापनात अमोनिया मोजलेल्या अम्लात शोषून उरलेले अम्ल मोजत.

फोलहार्ट यांची 1874 ची क्लोराइड मापनपद्धत यातली सर्वांत शिकवणारी. नायट्रिक अम्लयुक्त विद्रावात जादा सिल्व्हर नायट्रेट घालतात आणि उरलेले चांदीचे आयन थायोसायनेटने मोजतात. फेरिक तुरटी दर्शक असते. लालसर तपकिरी छटा आली की थांबायचे. मात्र सिल्व्हर क्लोराइड हे सिल्व्हर थायोसायनेटपेक्षा अधिक विद्राव्य असते. त्यामुळे सिल्व्हर क्लोराइडचा तळाशी बसलेला साका तसाच राहू दिला, तर तोही थायोसायनेट ओढून घेतो आणि क्लोराइड खऱ्यापेक्षा कमी भरते. म्हणून साका आधी गाळून काढतात. ब्रोमाइडला ही काळजी लागत नाही.

उत्तर वजाबाकीतून येत असल्यामुळे दोन्ही विद्रावांच्या चुका त्यात उतरतात. अभिक्रियाकारक फारच जादा घातला, तर दोन मोठ्या आकड्यांतला लहानसा फरक हाती येतो आणि ब्युरेटच्या वाचनातली बारीक चूकही जाणवू लागते. विद्रावांतल्या चुका कमी व्हाव्यात म्हणून नमुना न घालता तोच प्रयोग पुन्हा करून कोरे वाचन घेतात आणि नमुन्याचे वाचन त्यातून वजा करतात.