भिजलेला ओनिक्स आणि खडकातून वाहणारी वीज

पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी झुंजवायचा व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसासमोर त्यावरच्या ॲनिमेशन मालिकेच्या पाचव्या भागाचा विषय काढा, 'ती चीटिंग होती' हे ऐकायला मिळणारच. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ही तक्रार जिवंत आहे. तक्रार करणारे आता पोराबाळांचे झाले, तरी राग गेलेला नाही.

भांडण असं आहे. १९९७ साली जपानमध्ये सुरू झालेल्या या ॲनिमेशन मालिकेत नायक ॲश आपला पिकाचू घेऊन प्युटर सिटीच्या जिममध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या झुंजीच्या आखाड्यात, तिथल्या प्रमुखाला, ब्रॉकला, आव्हान देतो. पिकाचू जेमतेम ४० सेंटिमीटर उंच, ६ किलो वजनाचा, विजेचे झटके देणारा. समोर ब्रॉकचा ओनिक्स, म्हणजे एकापुढे एक दगड जोडून बनलेला ८.८ मीटर लांबीचा साप. पहिल्या लढतीत पिकाचूचा धुव्वा उडतो. दुसऱ्या वेळी त्याच्याच विजेमुळे जिममध्ये आग लागते, आग विझवणारे छतावरचे फवारे सुरू होतात, ओनिक्स नखशिखांत भिजतो आणि मघापर्यंत ज्याला काहीच होत नव्हतं त्याला आता विजेचा झटका लागू पडतो.

१९९६ च्या मूळ गेममध्ये हे अशक्य आहे. तिथे प्रत्येक पोकेमॉनला प्रकार असतो आणि कुठला प्रकार कुणावर किती चालतो याचं कोष्टक असतं. ओनिक्स 'खडक' आणि 'जमीन' अशा दोन्ही प्रकारांचा. जमिनीवर विजेच्या हल्ल्याचा गुणक शून्य. भिजवा, वाळवा, काहीही करा, शून्यच. उलट पाण्याचा हल्ला खडकावर दुप्पट आणि जमिनीवरही दुप्पट, म्हणून ओनिक्सवर चौपट. कोष्टकाप्रमाणे फवाऱ्यांनीच ओनिक्सला लोळवायला हवं होतं, पिकाचूने बाजूला बसून बघायचं होतं.

कोष्टक मोडलं हे मान्य. पण मला त्या कोष्टकाचंच नवल वाटतं. जमिनीवर विजेचा परिणाम शून्य, यामागे बहुधा अर्थिंगची कल्पना असावी: जमीन वीज गिळून टाकते, म्हणून तिला काही होत नाही. पण जमीन वीज गिळते ती कशाच्या जोरावर? इमारतीच्या अर्थिंगसाठी खड्डा खणतात तेव्हा त्यात धातूची पट्टी पुरून भोवती मीठ आणि कोळसा घालतात, आणि उन्हाळा लागला की त्यात पाणी ओततात. न ओतलं तर तपासणीत रोध वाढलेला दिसतो. कोरड्या मातीत पट्टी असून नसल्यासारखी. या बाबतीत पटकथा लिहिणाऱ्यापेक्षा कोष्टक करणाऱ्याचं भौतिकशास्त्र कच्चं निघालं.

आता खडकाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. खडक ज्या खनिजांचा बनतो ती क्वार्ट्झ, फेल्स्पारसारखी खनिजं जवळपास पक्की विद्युतरोधक असतात. त्यांच्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन नसतात. (मॅग्नेटाइटसारखे अपवाद आहेत, ते सोडून देऊ.) तरीही डोंगरातून, शेताखालून, विहिरीच्या तळातून वीज वाहते. ती खनिजातून जात नाही, खनिजांच्या कणांमधल्या फटींमध्ये साचलेल्या पाण्यातून जाते. आणि पाण्यातूनही जाते ती पाण्यामुळे नव्हे. अतिशुद्ध पाण्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, सुमारे १,८०,००० ओहम-मीटर असते, म्हणजे ते वाहक म्हणून अगदीच टाकाऊ. पाण्यात विरघळलेले सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, बायकार्बोनेट यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तो भार वाहून नेतात. नळाच्या पाण्याची रोधकता साधारण काही दहा ओहम-मीटर, समुद्राच्या पाण्याची ०.२ च्या आसपास. जिमच्या पाइपमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पाण्यात आयनांची कमतरता नसणार.

किती पाणी असलं की खडक किती वीज वाहील, याचा हिशेब शेल कंपनीत काम करणाऱ्या गस आर्ची या अमेरिकी अभियंत्याने १९४२ साली मांडला. त्याला तेल शोधायचं होतं. तेल वीज वाहत नाही, खारं पाणी वाहतं, त्यामुळे खडकाची रोधकता मोजून छिद्रांमध्ये काय भरलंय ते ओळखता येईल असा त्याचा विचार. त्याला सापडलेलं सूत्र सोपं आहे. छिद्रं पूर्ण भरलेली असतील तर खडकाची रोधकता म्हणजे आतल्या पाण्याची रोधकता भागिले सच्छिद्रतेचा (खडकात छिद्रांचा वाटा किती, त्याचा) घात. वालुकाश्मासाठी हा घातांक साधारण २. सच्छिद्रता २० टक्के धरली तर ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणून खडकाची रोधकता पाण्याच्या २५ पट. सच्छिद्रता १० टक्के असेल तर १०० पट. छिद्रं अर्धीच भरलेली असतील तर आणखी एक घात लागतो, तोही साधारण २, म्हणजे वर अजून चौपट. रोधकता नुसत्या टक्केवारीच्या प्रमाणात न बदलता वर्गाने बदलते, कारण प्रवाहाचा रस्ता सरळ नसतो. पाण्याची वाट कणांना वळसे घालत जाते आणि मध्ये मध्ये चिंचोळी होते. छिद्रं कमी झाली की वाट अरुंद तर होतेच, शिवाय लांबही होते. दोन्हीचा फटका एकदम बसतो.

इथे ज्यांनी वाचणं सोडलं असेल त्यांच्यासाठी आकडेच ठेवतो. २० ओहम-मीटर रोधकतेचं पाणी आणि २० टक्के सच्छिद्रता, म्हणजे भिजलेला वालुकाश्म ५०० ओहम-मीटर. तोच खडक पुरता कोरडा केला तर रोधकता लाखो ओहम-मीटरच्याही पुढे जाऊ शकते. खडक तोच, फरक फक्त पाण्याचा.

महाराष्ट्रात हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही, कारण आपला खडक वालुकाश्म नाही, बेसाल्ट आहे, आणि झिजलेल्या बेसाल्टमधली चिकणमाती स्वतःच वीज वाहते. पण तत्त्व तेच. बोअर घेण्याआधी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करतात तेव्हा जमिनीत चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोनमधून प्रवाह सोडतात, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेल्या की प्रवाह अधिकाधिक खोल उतरतो. कठीण काळा पाषाण शेकडो ते हजारो ओहम-मीटर दाखवतो, पाणी धरलेला मुरूम किंवा भेगाळलेला थर काही दहा. आकडा घसरला की खाली ओल असण्याची शक्यता. शक्यताच, कारण चिकणमातीही तसाच आकडा दाखवते आणि अनुभवी भूजलतज्ज्ञसुद्धा कधीकधी फसतो. तरी तो का फसला हे नंतर शोधता येतं. तळहातावर नारळ आडवा धरून तो उभा झाला की 'इथे खणा' म्हणणाऱ्या पाणाड्याच्या बाबतीत तीही सोय नाही. झिजलेल्या थरात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, त्याचं श्रेय नारळाला जातं. कोरड्या गेलेल्या बोअरचं कर्ज मात्र शेतकरी एकटा फेडतो.

पुन्हा ओनिक्सकडे. गेममध्ये त्याचं वजन २१० किलो दिलेलं आहे. ८.८ मीटर लांबीसाठी हा आकडा हास्यास्पद आहे. खडकाची घनता घनमीटरला २७०० किलो धरली तर २१० किलोत जेमतेम १०.६ सेंटिमीटर व्यासाची दांडी होते. पडद्यावरचा ओनिक्स सरासरी अर्धा मीटर जाड धरला, तरी त्याची घनता घनमीटरला १२० किलोच्या आसपास येते. पाण्यावर तरंगणारा प्यूमिस दगडसुद्धा साधारणतः याहून जड असतो. हे आकडे खरे मानायचे तर ओनिक्सचं ९५ टक्के अंग पोकळ आहे. आणि आर्चीच्या सूत्रात ०.९५ चा वर्ग घातला तर भिजलेला ओनिक्स जवळजवळ निव्वळ पाण्याइतकीच वीज वाहील! चीटिंगची तक्रार करणाऱ्यांनी हे वजन कधी तपासलंच नाही.

मात्र छिद्रं असणं आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्यूमिस सगळा पोकळ असूनही तरंगतो, कारण त्याच्या पुष्कळ पोकळ्या म्हणजे दारं नसलेल्या खोल्यांची चाळ. पाणी आत शिरायला वेळ लागतो, काही खोल्यांत ते शिरतच नाही. आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टमध्येही वायूच्या बुडबुड्यांनी अशा पोकळ्या झाल्या, पुढे त्यांतल्या अनेकांमध्ये झिओलाइट या खनिजाचे स्फटिक वाढले. नाशिक, पुणे, जळगावकडच्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात, पण पाण्यासाठी ती जागा गेली ती गेलीच. ओनिक्सवर फवारे काही क्षण पडले. एवढ्या वेळात पाणी त्याच्या गाभ्यापर्यंत पोचणं कठीण. अंगावर पातळ थर साचेल, सांध्यांमध्ये आणि वरवरच्या भेगांमध्ये उतरेल, इतकंच.

आणि तो थर ओनिक्सला मारेल की वाचवेल? घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचा विचार केला तर मारेल. कोरड्या कातडीचा रोध लाख ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या अंगाचा हजारापर्यंत उतरतो, म्हणून ओल्या हाताने बटण दाबू नये. पण आकाशातल्या विजेचं गणित निराळं. ती सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती येते, व्होल्टेज प्रचंड असतं, आणि तिचा मोठा भाग अंगाच्या बाहेरून घसरत जमिनीत जाऊ शकतो. अंग ओलं असेल तर बाहेरची ती वाट अधिक सोपी होते. (म्हणून पावसात झाडाखाली भिजत उभं राहावं असा अर्थ कृपया कुणी काढू नये.) भेगांमध्ये पाणी असेल तर ते क्षणात वाफ होऊन फुटतं. वीज पडलेल्या झाडाची साल उडते ती अशाच वाफेमुळे. ओनिक्सचं खरं नुकसान मला इथे दिसतं: सांध्यांत पाणी, त्याची वाफ, आणि कपचे उडणं.

यात पिकाचूची अडचण वेगळीच आहे. त्याच्या गाजलेल्या हल्ल्याचं जपानी नावच 'एक लाख व्होल्ट' असं आहे. ऐकायला भीतिदायक. पण कोरड्या हवेत ठिणगी उडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. एक लाख व्होल्टची ठिणगी उडेल तीन सेंटिमीटर, टोकदार वस्तूंमध्ये त्याहून बरीच लांब. ८.८ मीटरच्या सापाशी लढताना पिकाचूला त्याच्या अंगाला चिकटूनच उभं राहावं लागेल. विज्ञान केंद्रातल्या व्हॅन डी ग्राफ यंत्रावर पोरं केस उभे करून घेतात तेव्हा व्होल्टेज लाखांतच असतं आणि कुणाला इजा होत नाही. प्रवाह किती, किती वेळ आणि कुठून गेला, यावर सगळं ठरतं. झटका देणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातींत फक्त व्होल्टचा आकडा का छापतात, ते यावरून समजावं.

तरीही, भिजल्यामुळे ओनिक्सवर वीज चालू लागली ही कल्पना मी मान्य करतो. खुद्द गेमनेही ती नंतर मान्य केली. २०१० मध्ये आलेल्या खेळांत 'सोक' नावाची चाल आहे, तिच्यामुळे समोरच्याचा प्रकार बदलून निव्वळ 'पाणी' होतो. ओनिक्सवर ती वापरली की विजेचा गुणक शून्यावरून दोनवर जातो.

मला खरा आक्षेप आहे तो मालिकेत पुढे आलेल्या ऱ्हायडनच्या लढतीवर, आणि तिच्यावर ओरड झाली तरी चुकीच्या कारणासाठी. ज्वालामुखीतल्या जिममध्ये तिथला प्रमुख ब्लेन याचा ऱ्हायडन, गेंड्यासारखा, कोरडा ठणठणीत. तोही खडक आणि जमीन प्रकारचा. ॲश पिकाचूला शिंगावर नेम धरायला सांगतो आणि ऱ्हायडन कोसळतो. शिंग म्हणजे वीजरक्षक सळई, असा तर्क. पण गेंड्याचं शिंग हाडाचं नसतं, धातूचं तर नाहीच. ते केराटिनचं असतं, नखांचं आणि केसांचं असतं तेच, आणि कोरडं केराटिन वीज वाहत नाही. शिंग केराटिनचं धरलं तर नेम धरायला त्याहून वाईट जागा ऱ्हायडनच्या अंगावर नाही. नाकपुड्या, डोळे, उघडं तोंड, काहीही चाललं असतं, कारण तिथे ओल आहे. २००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर' या खेळांपासून पोकेमॉनना अंगभूत गुण मिळाले, त्यात ऱ्हायडनच्या वाट्याला 'लाइटनिंग रॉड' आला, आणि २०१० पासून त्या गुणाचा नियम असा आहे की वीज अंगावर आली की इजा शून्य आणि खास हल्ल्याची ताकद वाढते.