एम.एड.चा लघुशोधप्रबंध आणि त्याच्या वाट्याला आलेला वेळ : पार्श्वभूमी

एम.एड. हा शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुन्हा एका वर्षाचा करण्याचा प्रस्ताव अध्यापक शिक्षणाच्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात फेब्रुवारी 2025 मध्ये मांडण्यात आला. त्यावर झालेली चर्चा बव्हंशी शुल्क, रिकाम्या जागा आणि महाविद्यालयांचे भवितव्य यांभोवती फिरत राहिली. या पदवीचा संशोधनाचा भाग, म्हणजेच लघुशोधप्रबंध, त्या चर्चेत मागे पडला. अभ्यासक्रमाच्या कालावधीशी सर्वांत घट्ट बांधलेली बाब मात्र तीच आहे.

मुंबई विद्यापीठाने 1936 मध्ये एम.एड. सुरू केली आणि शिक्षणशास्त्रातील देशातील पहिली पीएच.डी.ही याच विद्यापीठातून 1943 मध्ये दिली गेली. पुढे राज्यातील इतर विद्यापीठांतही ही पदवी आली. हळूहळू सैद्धान्तिक विषयांच्या प्रश्नपत्रिकांचा भार वाढला, तरी प्रबंध अभ्यासक्रमातून कधी गेला नाही.

2015 पूर्वीच्या एका वर्षाच्या एम.एड.मध्ये या प्रबंधाचे काय होत असे, हे शाळेचे वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि एम.एड.चे प्रवेश अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. समस्या निश्चित करून, संबंधित साहित्याचा आढावा घेऊन, आराखडा मान्य होईपर्यंत दिवाळीची सुट्टी येते. सुट्टीनंतर स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि सहली असतात. फेब्रुवारीपासून मुख्याध्यापक वर्ग देण्यास कचरतात, कारण परीक्षा तोंडावर आलेली असते. वर्गातील प्रयोगासाठी लागणारी पूर्वचाचणी, दहा-बारा पाठांचा अध्यापन कार्यक्रम आणि उत्तरचाचणी एवढे सारे जानेवारीच्या दोन-तीन आठवड्यांत बसवावे लागे. साहजिकच अनेक विद्यार्थी प्रायोगिक पद्धती सोडून सर्वेक्षणाकडे वळत. एक प्रश्नावली, जवळच्या दोन-चार शाळांतील शिक्षकांचा सोयीस्कर नमुना आणि शेकडेवारीची कोष्टके, असा ठरावीक साचा तयार झाला. त्यासाठी विद्यार्थ्यांच्या आळसाला बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांना मिळालेल्या वेळेत त्याहून अधिक काही करणे कठीणच होते.

या पार्श्वभूमीवर एम.एड. दोन वर्षांची करण्याचा 2014 चा निर्णय पाहावा लागतो. तो आजही वादग्रस्त आहे आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. राज्यातील 291 डी.एड. (शिक्षक पदविका) महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने अध्यापक शिक्षणाच्या एकूण व्यवस्थेची तपासणी करण्यासाठी निवृत्त सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला. त्यातील शिफारशींच्या आधारे 2014 च्या अखेरीस नवी नियमावली निघाली आणि 2015-16 पासून बी.एड. व एम.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले. एम.एड.साठी वर्षाला 200 कामकाजाचे दिवस, किमान चार आठवड्यांची क्षेत्रसंलग्नता (शैक्षणिक संस्थांतील प्रत्यक्ष काम), संशोधनावर आधारित प्रबंध आणि 50 विद्यार्थ्यांमागे 10 प्राध्यापक अशी मानके घालून देण्यात आली.

या निर्णयावरचे आक्षेप खोटे नव्हते. पदवी आणि दोन वर्षांची बी.एड. यांनंतर आणखी दोन वर्षे देणे सामान्य घरातील विद्यार्थ्याला परवडत नाही. नोकरीतील शिक्षकाला इतकी दीर्घ रजा मिळत नाही. आणि अनुदानाविना चालणाऱ्या महाविद्यालयांनी दहा प्राध्यापकांचे वेतन कोठून आणावे, हाही प्रश्न होता. राज्यात एम.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या. तरीही प्रबंधाच्या बाजूने पाहता हा निर्णय योग्य होता, असे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. आराखडा पहिल्या वर्षात मान्य करून घेऊन दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये, शाळेचे पहिले सत्र सुरू होत असतानाच, प्रत्यक्ष वर्गात उतरणे प्रथमच शक्य झाले. जिथे मार्गदर्शक पुरेसे होते तिथे त्याचा उपयोगही झाला. जिथे प्राध्यापकांची पदे कागदावरच भरलेली होती, तिथे दोन वर्षेही वाया गेली. पण तो दोष कालावधीचा नव्हे, तपासणीच्या व्यवस्थेचा आहे.

त्यानंतरच्या दोन घडामोडींनी प्रबंधाचे महत्त्व वाढवले. एम.एड. ही व्यावसायिक पदवी असल्याने शिक्षणशास्त्राच्या सहायक प्राध्यापकपदासाठी ती एम.ए. (शिक्षणशास्त्र) पदवीच्या बरोबरीची मानता येत नाही, अशी भूमिका उत्तर प्रदेशातील एका भरतीच्या वादात उच्च न्यायालयाने घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ती अमान्य केली, त्यामुळे एम.एड.धारकांसाठीही या पदाची वाट खुली राहिली. दुसरी घडामोड अधिक परिणामकारक ठरली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांनी एम.फिल. ही संशोधन पदवी बंद केली. एम.एड. आणि पीएच.डी. यांच्यामधली पायरी त्यामुळे नाहीशी झाली. नमुना निवड, साधननिर्मिती, सांख्यिकीय विश्लेषण आणि अहवाललेखन हे सारे पीएच.डी.पूर्वी एकदा हातून करून पाहण्याची संधी आता बहुतेकांना एम.एड.च्या प्रबंधातच मिळते.

2025 च्या मसुद्यात पूर्णवेळ एक वर्षाच्या एम.एड.बरोबरच नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांच्या अंशवेळ एम.एड.चाही पर्याय सुचवला आहे. नोकरीतील शिक्षकाजवळ स्वतःचा वर्ग असतो आणि जूनपासून मार्चपर्यंतचे पूर्ण वर्षही असते, त्यामुळे वर्गाधारित संशोधनासाठी दुसरा पर्याय अधिक सोयीचा दिसतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला मात्र पुन्हा जानेवारीच्या त्याच दोन-तीन आठवड्यांत काम उरकावे लागेल. प्रवेश जूनपूर्वी पूर्ण होऊन आराखड्याला पहिल्या महिन्यातच मान्यता मिळाली, तरच त्यातून सुटका आहे.