मांजराचं पथ्य आणि पुरुमेंताचा डबा

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू झाली की ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत ताजं नुस्तं, म्हणजे मासळी, दुर्मीळ होतं. मग गोव्यातल्या घरांत पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या बेगमीचे, डबे उघडतात. सुका बांगडा भाजल्याचा वास सुटला की मांजर हजर; डोकं आणि काटे त्याचे, हा ठरलेला व्यवहार. डिचोलीत आमच्या शेजारचा बोकाही असाच वाढला. गेल्या पावसाळ्यात तो परसातल्या मातीत सारखा कुंथत बसू लागला. घरच्यांना वाटलं, पोट साफ होत नसेल. प्रत्यक्षात लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात वाळूसारखे स्फटिक अडकले तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घालून त्याला मोकळं केलं, स्फटिक तपासले आणि पथ्य लिहून दिलं.

त्याच घरात एक म्हातारी मांजरीही आहे, मूत्रपिंडं थकलेली. तिच्या खास खाद्याची पिशवी अर्धी शिल्लक होती. ‘तीच याला घातली तर? दोन्ही लघवीचीच दुखणी ना?’ शेजारीणबाईंचा प्रश्न रास्त होता. पिशवीची किंमत पाहता तर फारच.

पण तसं चालत नाही. बोक्याचे स्फटिक स्ट्रुव्हाइटचे होते, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे. लघवी आम्लधर्मी आणि पातळ राहिली तर ते विरघळतात, आणि त्याचं खाद्य नेमकं हेच साधतं. थकलेल्या मूत्रपिंडांना मात्र शरीरातलं आम्ल बाहेर टाकणंच जड जातं. म्हणून तिचं खाद्य आम्लता कमी करणारं, फॉस्फरस बेताचा ठेवलेलं. तिचं पथ्य त्याचं कुपथ्य! खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असते तर गोष्ट आणखी वेगळी, कारण ते कुठल्याच खाद्याने विरघळत नाहीत. १९८०च्या दशकात मांजरांच्या खाद्यात मॅग्नेशियम कमी करून आम्लता वाढवली गेली. स्ट्रुव्हाइटचं प्रमाण घटलं, पण पुढे ऑक्झलेटचं वाढलं. त्यामुळे पिशवीवर नुसतं ‘युरिनरी’ लिहिलेलं वाचून खरेदी करणं मला धाडसाचं वाटतं.

पथ्याची ही कल्पना तशी जुनी. १९३९च्या सुमारास अमेरिकेत मार्क मॉरिस या पशुवैद्याने बडी नावाच्या, अंध मालकाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडांसाठी खास अन्न तयार केलं. १९४८पासून एक कंपनी ते डबाबंद करून विकू लागली.

मांजराचा पाण्याशीही छत्तीसचा आकडा. त्याला तहान कमी लागते. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाद्यात पाऊणहिस्सा. लघवीच्या दुखण्यात हा फरक मोठा ठरतो. खारवलेल्या मासळीची डोकी आणि काटे तर खनिजांचं भांडारच. पथ्य चालू असताना ती मोजूनमापून दिलेलं सगळं बिघडवतात.

कुत्र्याचं तंत्र निराळं. माणसाजवळ राहून त्याने पिष्ट पचवणारी जनुकं वाढवली. लांडग्याकडे त्या जनुकाच्या साधारण दोन प्रती, कुत्र्याकडे त्याहून कितीतरी जास्त. शीत, म्हणजे भात, त्याला पचतं. घात होतो तो कडीतल्या, म्हणजे कालवणातल्या, कांद्याने, कारण कांदा तांबड्या रक्तपेशी फोडतो. नाताळातलं चरबीदार सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, तर स्वादुपिंडाला सूज आलेल्या कुत्र्याला चाखवूही नये. त्याला कमी चरबीचंच खाद्य हवं. अंग खाजतं म्हणून ‘ग्रेन-फ्री’, म्हणजे धान्य नसलेल्या खाद्याची, पिशवी आणणारे पुष्कळ भेटतात, पण कुत्र्यांना वावडं बहुधा गोमांस, दूध किंवा कोंबडीचं असतं. ते शोधायला निदान आठ आठवडे एकच ठरवलेलं खाद्य द्यावं लागतं. मधेच कुणी लाडाने बिस्किट दिलं की पुन्हा पहिल्यापासून.

घरीच शिजवू म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तपासणीत कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृतींपैकी ९५ टक्क्यांत किमान एक पोषकद्रव्य अपुरं निघालं. नुसतं कोंबडी-भात घातलं तर कॅल्शियम कमी पडतंच.

नवं खाद्य जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावं. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब मांजराला लावू नये. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. बोक्यानेही पहिल्या सकाळी वाटीकडे पाठ फिरवली. खाद्य कोमट पाण्यात कालवून दिल्यावर दुपारी निम्मं खाल्लं, आणि मग फळीवरच्या पुरुमेंताच्या डब्याकडे बघत बसला.