आईच्या माथी मारलेला दोष

कोकणात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल ज्या घरी आहे तिथे गेलं की मुलाबद्दल थोडं आणि आईबद्दल बरंच ऐकू येतं. 'गरोदरपणात हिने काळजी घेतली नाही', 'मोबाइल हिनेच दिला हातात', 'देवाचं काहीतरी राहिलंय'. मूल तीन वर्षांचं झालं तरी हाकेला ओ देत नाही, म्हणून ग्रामदेवतेला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. डॉक्टर त्यानंतर. देवळात जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. तिथे निदान त्या बाईचं कुणीतरी ऐकून घेतं.

आईला जबाबदार धरायची रीत एकट्या गावाची नाही. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांची निरीक्षणं मांडून या अवस्थेला नाव दिलं. पुढे त्यांनीच या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणावर बोट ठेवलं. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकातून ते खापर आयांवर पक्कं फोडलं. मायेची ऊब कमी पडली म्हणून मूल आत मिटलं, असं डॉक्टरच सांगू लागले. आईवडिलांना दोष देणारा हा समज खोडून काढायला, बेटलहाइम यांच्या पुस्तकाआधीच, एक बाप पुढे आला होता. स्वतःचा मुलगा स्वमग्न असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये दाखवून दिलं, की कारण मेंदूच्या घडणीत शोधायला हवं. कॅनर यांनी 1969 मध्ये पालकांच्या मेळाव्यात त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. 1977 च्या जुळ्यांवरच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा धागा समोर आणला. इतकी वर्षं उलटूनही आमच्याकडच्या सासरी हा निकाल पोचलेला नाही, याचा मला राग येतो.

इथल्या आईवर भार एवढा का, याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जातं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरीकडचे पुरुष चाकरमानी झाले आणि घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं बायकांच्या गळ्यात आली. तेव्हा वाटून घ्यायला जावा होत्या, सासू होती, शेजार होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी गाव सोडायचं थांबलं नाही. आता नवरा मुंबईत, दीर-जाऊ पुण्याला, आणि घरात सत्तरीची सासू. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येतो. ढोल वाजायला लागले की मूल कानांवर हात दाबून माजघरात लपतं. बापाला ते नेमकं त्या दिवसांत दिसतं.

मागच्या दाराला कडी पार वर, मुलाचा हात पोचणार नाही अशी बसवलेली घरं मी पाहिली आहेत. बाहेर विहीर असते, पुढे वहाळ, आणि अशा अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ. आई न्हाणीत गेली तरी दार उघडंच ठेवते. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की मूल रात्रभर जागं, म्हणजे तीही जागी. सकाळी एसटीने तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. पाऊण तासाच्या स्पीच थेरपीत दिवस मोडतो आणि मजुरीही बुडते.

सरकारदरबारी ही मुलं उशिराच दिसली. दिल्लीत 1991 मध्ये मेरी बरुआ या एका आईनेच 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी केली. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच, त्यामुळे कित्येकांनी 'मतिमंद' असा दाखला घेऊन काम भागवलं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचं नाव आलं. मूल 18 वर्षांचं झाल्यावर त्याचं पालकत्व ठरवणारी, जिल्हाधिकारी असलेली स्थानिक समिती याच कायद्याने दिली. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार झाले, त्यात स्वमग्नता आली.

त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. भत्ता किती आणि कसा द्यायचा, हे राज्यांवर सोडलंय. केरळने अशी योजना त्या कायद्याच्याही आधीपासून चालवली आहे. आपल्याकडे दिव्यांगांच्या मेळाव्यांत व्यासपीठावरून दाखले वाटले जातात. मुलाला घट्ट धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईला हे कलम कुणी वाचून दाखवत नाही, आणि तिने ते मागायला हवं.