गावचा मंडप, दूरचे मालक: एका अविश्वासाची पार्श्वभूमी

मोठ्या मनोरंजन कंपन्यांविषयी पूर्व विदर्भातील खेड्यांत आढळणारा अविश्वास समजून घ्यायचा, तर आधी झाडीपट्टीची रंगभूमी पाहावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांची परंपरा जुनी आहे, आणि त्याच जमिनीवर ही रंगभूमी वाढली. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, भरू लागते, धान घरात येते आणि रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र. गावातले मंडळ त्यांना ठरवून बोलावते, मंडप घालते, तिकीट लावते. नाटक पडले, तर पुढच्या वर्षी त्या मंडळीला बोलावणे जात नाही. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही याच रंगभूमीवरील कामासाठी. काय पाहायचे हे पाहणाऱ्याने ठरवायचे, ही सवय इथे अशी मुरलेली आहे, आणि माझ्या मते अविश्वासाचे मूळ तिच्यातच आहे.

सरकारी माध्यमांच्या काळात सारे ठीक होते, असे म्हणता येणार नाही. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, तरी प्रसारणाची सूत्रे दिल्लीतच होती. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि त्यांच्यावर सरकारची किंवा खासगी कोणाचीही मक्तेदारी असू नये, अशी भूमिका घेतली. सरकारची मक्तेदारी लवकर मोडली, खासगी मक्तेदारी रोखण्याचा भाग मागे राहिला. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह अशा खासगी मराठी वाहिन्या वाढत गेल्या. पण त्यांच्या मालिकांतली घरे आणि बोली बहुतेक मुंबई-पुण्याची राहिली, आणि वऱ्हाडी बोलणारा माणूस आलाच, तर तो बहुधा हसण्यासाठी. ही गोष्ट इथल्या प्रेक्षकाला लागते, आणि ती लागणे रास्त आहे.

मालकाचा निर्णय घरापर्यंत कसा पोहोचतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट दिसले. मासिक भाडे नसलेली दूरदर्शनची फ्री डिश ग्रामीण भागात मोठा आधार आहे. एकदा छत्री बसवली की रिचार्जची चिंता उरत नाही. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून वाहिनीनिहाय दरांची नवी पद्धत लागू झाली आणि मार्चच्या आरंभी चार मोठ्या प्रसारण समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या. जाताना वा येताना प्रेक्षकाला कोणी विचारले नाही.

दरम्यान मालकी आणखी एकवटत होती. डिस्ने या अमेरिकी कंपनीने फॉक्सचा मोठा व्यवसाय विकत घेतल्यावर २०१९ मध्ये स्टार वाहिन्या चालवणारी स्टार इंडिया तिच्याकडे आली. रिलायन्स समूहाने २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू करून स्वस्त इंटरनेट खेड्यांतल्या मोबाइलपर्यंत नेले होतेच; नोव्हेंबर २०२४ मध्ये याच समूहाच्या व्हायकॉम १८ या वाहिन्या चालवणाऱ्या कंपनीचे आणि स्टार इंडियाचे एकत्रीकरण पूर्ण झाले आणि ७०,३५२ कोटी रुपये मूल्याचा संयुक्त उद्योग उभा राहिला. मोबाइलचे नेटवर्क, वाहिन्या आणि ॲप यांच्या मागे एकच समूह असेल, तर न आवडलेला खेळ टाळून प्रेक्षकाने जायचे कुठे, हा प्रश्न इथे पहिल्यांदाच इतक्या उघडपणे उभा राहतो.

या धोक्याची कल्पना नियामकांना नव्हती, असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी ऑगस्ट २०१४ मध्येच दिल्या होत्या. त्या कायद्यात उतरल्या नाहीत. २०२२ मध्ये त्याच विषयावर नवे चर्चापत्र निघाले, आणि पुढे तीन वर्षांच्या आतच हे एकत्रीकरण झाले.